वाचक नाही म्हणणाऱ्यांनी फाउंटनला यावं

मराठी माणूस वाचत नाही, हे वाक्य मी आता निमूट ऐकून घेत नाही. परिसंवादात ऐकलं तर उभा राहतो. गिऱ्हाईकाच्या तोंडून ऐकलं तर हातातला गठ्ठा खाली ठेवतो आणि विचारतो, ‘तुम्ही शेवटचं पुस्तक कुणाला विकलं होतं?’ उत्तर येत नाही. हे वाक्य म्हणणाऱ्यांनी पुस्तकं लिहिलेली असतात, त्यांची प्रकाशनं केलेली असतात, त्यांना पुरस्कारही मिळालेले असतात. पण अनोळखी माणसासमोर पुस्तक धरून ‘घ्या, चांगलं आहे’ असं ते कधी म्हणालेले नसतात. मी कथा लिहितो आणि फूटपाथवर बसून पुस्तकं विकतो, माझीही आणि इतरांचीही. म्हणून हे सदर वाचकाच्या बाजूनं.

बसायची जागा फोर्टात, फाउंटनला, म्हणजे हुतात्मा चौकाच्या आसपास. चर्चगेटला उतरून पायी निघालेले नोकरदार, कोर्टातले वकील आणि त्यांचे कारकून, बँकांतले शिपाई, कॉलेजची पोरं, सगळे इथून जातात. ऑक्टोबर २०२५मध्ये भुयारी मेट्रोचं स्थानक सुरू झालं, तेव्हापासून जमिनीखालूनही माणसं वर येतात. याच चौकात २१ नोव्हेंबर १९५५ला गोळीबार झाला, माणसं मेली आणि साडेचार वर्षांनी मराठी भाषेचं राज्य आलं. त्या हुतात्म्यांच्या स्मारकापासून हाकेच्या अंतरावर पुस्तकांच्या ज्या राशी लागतात, त्यांत बहुतेक पुस्तकं इंग्रजी. मराठी असलीच तर मागच्या रांगेत, कण्यावरची अक्षरं भिंतीकडे. याचा दोष विकणाऱ्याचा नाही. तो जे येतं ते मांडतो आणि जे मांडतो ते विकतो. मराठी पुस्तक त्याच्यापर्यंत आणून देणारं कुणी नाही, ही खरी गोष्ट आहे.

मी माझ्याकडे मराठी पुढे मांडतो. पुढे मांडलं की विकलं जातं. यात कसलीही जादू नाही. पायाशी पुस्तक दिसलं तर माणूस वाकतो. वाकला की उचलतो, उचललं की मागची किंमत बघतो आणि मग पुढचं बोलणं होतं. ज्या शहरात पुस्तक पायाशी दिसतच नाही, तिथल्या माणसाला वाचत नाही म्हणून कसं हिणवायचं? फोर्टातलंच ‘स्ट्रँड’ हे पुस्तकांचं दुकान २०१८मध्ये बंद झालं. पुण्याचं ‘मॅनीज’ त्याच्याही आधी गेलं. आपल्या स्टेशनबाहेर मराठी पुस्तक कुठं मिळतं ते आठवून बघा. दादर सोडलं तर बहुतेकांना नाव सुचणार नाही.

माझ्या शेजारी बसणारा विक्रेता उत्तर प्रदेशातला. त्यानं ‘मृत्युंजय’ हिंदीतून वाचलंय. कुठल्या मराठी कादंबरीची जुनी आवृत्ती कितीला जाते, कुठल्या लेखकाला तरुण पोरं विचारतात, कुठल्याला फक्त पांढऱ्या केसांची माणसं, हे त्याला चोख ठाऊक आहे. ‘छावा’ सिनेमा आला तेव्हा कादंबरीची मागणी वाढणार, हे त्यानं पोस्टर बघूनच ओळखलं आणि जुन्या प्रती जमवून ठेवल्या. मराठी पुस्तकांची बाजारपेठ त्याच्याइतकी जाणणारे प्रकाशक मला कमी भेटले.

आता किमतीचं. ‘पुस्तकं महाग झालीत हो’ हे ऐकल्याशिवाय दिवस सरत नाही. हिशोब उघडा सांगतो. दोनशे पानांचं डेमी आकाराचं पुस्तक म्हणजे बारा-तेरा फर्मे. सत्तर जीएसएमचा कागद, रंगीत मुखपृष्ठ, वर लॅमिनेशन. पाचशे प्रती काढल्या तर छपाई आणि बांधणीला प्रतीमागे शंभरच्या आसपास रुपये जातात. हजार काढल्या तर खर्च खाली येतो, पण मग उरलेले गठ्ठे कुठल्या पलंगाखाली सारायचे हा प्रश्न असतो. छापील किंमत अडीचशे ठेवली आणि पुस्तक दुकानात गेलं, तर चाळीस ते पन्नास टक्के वितरक आणि दुकानदार घेतात. तेही चूक नाही. त्यांना जागेचं भाडं आहे, माणसांचे पगार आहेत, पडून राहिलेल्या मालाचा तोटा आहे. उरतं त्यात अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, चित्रकार आणि वाहतूक. लेखकाला दहा टक्के मानधन वेळेवर मिळालं तर तो भाग्यवान. मी स्वतःचं पुस्तक स्वतः विकतो म्हणून मधला वाटा वाचतो आणि त्यातला काही भाग सवलत म्हणून गिऱ्हाईकाला देतो. ‘अजून कमी करा’ म्हणणाऱ्यांना मी हाच हिशोब सांगतो. दहातले आठ जण तो ऐकून घासाघीस थांबवतात. माणसाला खरं सांगितलं की पटतं.

पटत नाही ते फुकट मागणाऱ्यांना. लेखक म्हणून ओळख पटली की काही जण लगेच म्हणतात, ‘मग एक प्रत द्या की, अभिप्राय देतो.’ हे मागणारे कोण असतात? वरच्या मजल्यावर ऑफिस असलेले, गाडीतून उतरलेले, कुठल्यातरी मंडळाचे पदाधिकारी. फूटपाथवरून जाणाऱ्या हमालानं माझ्याकडे आजवर पुस्तक फुकट मागितलेलं नाही. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक नव्या पुस्तकाच्या चार प्रती कोलकाता, चेन्नई, दिल्ली आणि मुंबई इथल्या चार ग्रंथालयांना प्रकाशकानं स्वखर्चानं पाठवायच्या असतात. त्या मी आनंदानं पाठवतो. आणखी शंभर वर्षांनी कुणाला हवं असेल तर पुस्तक तिथं सापडेल. बाकी कुणालाही फुकट प्रत देणं मी बंद केलं आहे आणि प्रत्येक लेखकानं बंद करावं असं माझं मत आहे. फुकट दिलेली प्रत क्वचितच वाचली जाते. पैसे मोजलेली प्रत बहुतेक वेळा वाचली जाते. हे मला पुन्हा येणारी गिऱ्हाइकं सांगतात, कारण ती पुस्तकातलं काहीतरी घेऊन भांडायला येतात.

असाच एक भांडणारा. जवळच्या एका इमारतीत सिक्युरिटीला आहे, माणदेशातला, घरची मेंढरं होती. ड्यूटी सुटली की यायचा आणि उभ्यानं ‘बनगरवाडी’ वाचायचा. मी हटकलं नाही. महिन्याच्या सुरुवातीला, पगार झाल्यावर, त्यानं खिशातून पैसे काढले आणि पुस्तक घेतलं. आठ दिवसांनी आला तो तक्रार घेऊनच. ‘काका, ह्यात लिहिलंय ते आमच्या आज्याच्या टायमाचं. आता वावरात मेंढरं बसवायची तर धान्य कुणी देत नाय, रोख बोलायचं. आन् चरायला रान कुठं ऱ्हायलंय?’ मग शेतात रात्रभर मेंढरं बसवली की लेंडीखत कसं मिळतं, कुठला शेतकरी किती रात्रींसाठी बोलावतो, पावसाळा संपल्यावर कोकणाकडे उतरायचं की घाटावरच थांबायचं, हे सगळं त्यानं मला तिथं उभं राहून सांगितलं. मागे तीन गिऱ्हाइकं ताटकळली होती. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ची. सत्तर वर्षांनंतर तिच्यातल्या गावाशी आपलं गाव ताडून बघणारा हा माणूस कुठल्याच वाचक-पाहणीत सापडणार नाही. तो कुठल्या ग्रंथालयाचा सभासद नाही, त्याचं ऑनलाइन खातं नाही आणि कुठल्या साहित्य मंडळाची त्यानं वर्गणी भरलेली नाही. त्याच्यासारख्यांना मोजायचं नाही आणि मग वाचक घटला म्हणून सांगायचं, हा अन्याय आहे.

न मोजण्याची ही सवय जुनीच. परळ भागातून आलेल्या रद्दीच्या एका लॉटमध्ये मला बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा मिळाल्या. एका वाचनालयाच्या होत्या. पुठ्ठा निसटलेला, कोपरे गोल झालेले, मधल्या पानांवर तेलकट बोटांचे ठसे. शेवटच्या पानावर परतीच्या तारखांचा कागद डिंकानं चिकटवलेला. शिक्क्यांवर शिक्के. आठ-दहा दिवसांनी पुस्तक परत, लगेच दुसऱ्याच्या हाती, पुन्हा परत. सत्तरच्या दशकातली वर्षंच्या वर्षं अशी गच्च भरलेली. कागदाला जागा उरली नाही म्हणून त्यावर दुसरा कागद चिकटवलेला. १९८२नंतरचे शिक्के विरळ होत जातात आणि थांबतात. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला, हे वाचकांना सांगायची गरज नाही. पाळी संपवून खोलीवर आलेला कामगार दिव्याखाली झुंजार आणि काळा पहाड वाचत होता, तेव्हा जाणकारांनी त्याला वाचन म्हटलं नाही. गिरण्या गेल्या, खोल्या गेल्या, वाचनालयं ओस पडली आणि मग जाणकार म्हणू लागले, वाचन कमी झालं. तो कागद मी विकलेला नाही. कुणाला पुरावा हवा असेल तर येऊन बघावा.

रद्दीचं निघालंच आहे तर आणखी एक. गिरगाव, दादर, परळ, जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहताहेत. लोकांना मोठी घरं मिळताहेत, चांगलं आहे. पण घर रिकामं करायची तारीख आली की सगळ्यात आधी बाहेर जातं ते आजोबांचं कपाट. किलोवर. इतर कागदाच्या भावानं. मी डोळ्यांनी बघितलंय, ‘सत्यकथा’चे बांधीव खंड काट्यावर चढले. ज्या मासिकानं मराठी नवकथा वाढवली, जे १९८२मध्ये बंद पडलं आणि ज्याचे जुने अंक शोधत विद्यार्थी वणवण फिरतात, त्याचे वर्षावर्षाचे खंड जुन्या वह्या आणि लग्नपत्रिकांच्या ढिगात. दिवाळी अंकांचं तेच. १९०९मध्ये ‘मनोरंजन’नं पहिला दिवाळी अंक काढला, त्याचा अभिमान आपण दरवर्षी भाषणातून सांगतो आणि घरातले अंक फेब्रुवारीत रद्दीवाल्याला देतो. मी ते उचलतो, पुसतो आणि निम्म्या किमतीला मांडतो. डिसेंबर-जानेवारीत माझा सगळ्यात जास्त खपणारा माल तोच असतो. दिवाळीत तीनशे-चारशे रुपये देणं जमलं नाही, ती माणसं तेव्हा येतात आणि एकदम तीन-तीन अंक घेऊन जातात. ही माणसं वाचत नाहीत?

काय खपतं, असं मला नेहमी विचारतात. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं खपतात, हे खरं. त्याबद्दल नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. एमपीएससीची तयारी करणारा मुलगा जुनं गाइड घ्यायला येतो, दोनदा येतो, तिसऱ्यांदा परीक्षा झाल्यावर येतो आणि म्हणतो, ‘आता वाचायला काहीतरी द्या.’ तिथून पुढे काय द्यायचं हे माझं काम. पाककृतींचं ‘रुचिरा’ १९७०पासून आजतागायत थांबलेलं नाही. नव्या लग्नाच्या मुलीही घेतात आणि एकटे राहणारे मुलगेही. संतवाङ्मय खपतं. चरित्रं खपतात. कवितासंग्रह खपत नाहीत अशी समजूत आहे. पण कवितेचं पान उघडून गिऱ्हाईकासमोर धरलं तर ते तिथंच वाचून होतं आणि पुष्कळदा विकलंही जातं. कादंबरीचं असं करता येत नाही. कवितेला हा फायदा आहे, तो दुकानांनी कधी वापरला नाही.

सगळ्यात जास्त राग मला एका प्रकारच्या बापाचा येतो. लहान मुलगा वाकून ‘चांदोबा’चा जुना अंक उचलतो. चित्रं बघतो. बाप त्याच्या हातातून काढून घेतो आणि मला सांगतो, ‘अहो, ह्याला मराठी वाचता येत नाही. इंग्लिश मीडियमला आहे.’ हे सांगताना आवाजात खंत नसते, मान ताठ असते. मी अंक परत घेतो आणि त्या पोराला पहिलं पान वाचून दाखवतो. त्याला सगळं समजतं, कारण घरी आई मराठीच बोलते. राक्षस झाडामागून येतो तिथं त्याचे डोळे मोठे होतात. मग तो बापाकडे बघतो. २०२०च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं केलं आहे. कायद्यानं तास मिळतो. गोष्टीचं पुस्तक बापानंच घेऊन द्यावं लागतं. निम्मे बाप घेतात. उरलेल्यांना मी स्पष्ट सांगतो की तुम्ही मुलाचं नुकसान करताय. गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल.

माझ्या धंद्यातल्या लोकांबद्दलही बोललं पाहिजे. फूटपाथवर नकली प्रती विकल्या जातात. इंग्रजी खपाऊ पुस्तकांच्या तर राजरोस, आणि आता मराठीच्याही. नकली प्रत ओळखायला अवघड नाही. मुखपृष्ठावरचे रंग फिके किंवा पसरलेले, आतला कागद पातळ आणि मागच्या पानाची अक्षरं पुढे दिसणारी, ओळी किंचित वाकड्या, कणा उघडला की गोंदाचा कडक आवाज आणि दोन-चार वाचनांत पानं सुटी. जुनी प्रत विकणं हा प्रामाणिक व्यवसाय आहे. तिचे पैसे लेखकाला एकदा मिळालेले असतात. नकली प्रत ही लेखकाची चोरी आहे. कॉपीराइट कायद्यात त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. पोटाचा प्रश्न सगळ्यांनाच आहे, लेखकालाही आहे. स्वस्त मिळतं म्हणून नकली घेणाऱ्या वाचकालाही मी हेच सुनावतो. जुनी घ्या, उसनी घ्या, वाचनालयातून आणा. नकली घेऊ नका.

आणि गाडी, महापालिकेची, माल उचलून नेणारी. ‘गाडी आली’ अशी आरोळी उठली की फूटपाथवरचा प्रत्येक जण ताडपत्रीची चार टोकं धरतो. २०१४मध्ये संसदेनं पथविक्रेत्यांचा कायदा केला. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवायचं नाही, उठवायचं झालं तर तीस दिवसांची नोटीस द्यायची, पथविक्रेता समितीत चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांमधून निवडलेले असायचे, इतकं त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. जप्त केलेला नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत द्यायचा आणि टिकाऊ माल दोन कामकाजाच्या दिवसांत. पुस्तक हा कायद्याच्या भाषेत टिकाऊ माल. जुलैच्या पावसात उघड्यावर पडलेला पुस्तकांचा ढीग दोन दिवसांनी ताब्यात घेऊन बघा. खालचा थर लगदा झालेला असतो, वरच्याची पानं फुगून एकमेकांना चिकटलेली. ज्या शहरात हा कायदा कागदावर राहिला, तिथं पहिलं नुकसान कागदाचंच होतं.

काही साहित्यिक मित्र कळवळून म्हणतात, पुस्तकवाल्यांना तरी उठवू नये, ते काय भाजीवाले आहेत का? हा कळवळा मला नको. माझ्या डाव्या हाताला पेरू विकणाऱ्या मावशी आहेत. मी जेवायला गेलो की माझी पुस्तकं त्याच बघतात आणि त्यांना किमती पाठ आहेत. त्यांना उठवून मला ठेवणारा नियम आला तर मी त्याच्या विरोधात लिहीन. चालणाऱ्याला वाट हवी, हे मला मान्य आहे. मीही रोज स्टेशनपासून चालतच येतो. वाट ठेवून बसायच्या जागा आखता येतात आणि तेच कायदा सांगतो.

फूटपाथला कमी लेखणाऱ्यांनी थोडा इतिहास आठवावा. गिरगावात, मॅजेस्टिक सिनेमाजवळ, कोठावळे बंधू फूटपाथवर जुनी पुस्तकं विकत. त्यातून मॅजेस्टिकचा बुक स्टॉल उभा राहिला, त्यातून प्रकाशन आणि १९६४मध्ये ‘ललित’ मासिक. मराठी पुस्तकांच्या बातम्या आणि चर्चा घरोघर नेणारं मासिक फूटपाथच्या अनुभवातून आलं, यात मला नवल वाटत नाही. गिऱ्हाईक काय विचारतं हे ज्यानं वर्षानुवर्षं ऐकलं, त्यालाच ते सुचणार. आणि दिल्लीत आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे लक्ष्मण राव. सत्तरच्या दशकात तिकडे गेले, विष्णू दिगंबर मार्गावर फूटपाथवर चहा विकत कादंबऱ्या लिहिल्या, स्वतः छापल्या आणि सायकलवरून शाळा-ग्रंथालयांत नेऊन विकल्या. ‘रामदास’, ‘नर्मदा’ ही त्यांची पुस्तकं. पहिलं १९७९चं. लिहितात हिंदीत, कारण त्यांचा वाचक तिथं हिंदी आहे. पलुसकर बुवांच्या नावाचा रस्ता आणि त्याच्या कडेला विदर्भातला लेखक आपलं पुस्तक हातात घेऊन. फेब्रुवारी २०२५मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीत भरलं. तिथं गेलेल्या प्रत्येक लेखकानं एक चहा या माणसाच्या हातचा प्यायला हवा होता आणि विक्री कशी करतात ते विचारायला हवं होतं.

वाचक मुंबईपुरता नाही. सांगलीहून, वणीहून, रत्नागिरीच्या आतल्या गावांतून मागणी येते. अशा वाचकापर्यंत स्वस्तात पुस्तक नेणारी टपालाची रजिस्टर्ड बुक पोस्ट सेवा डिसेंबर २०२४मध्ये बंद झाली. दीडशे रुपयांच्या पुस्तकाला साठ-सत्तर रुपये टपालखर्च लागू लागला की गिऱ्हाईक थांबतं. मे २०२५पासून ‘ज्ञान पोस्ट’ आली, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये. हे चांगलं पाऊल आहे आणि मी त्याचं स्वागत करतो. ही सेवा शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक छापील मजकुरासाठी आहे. कथा, कविता आणि कादंबरी यांचा उल्लेख नियमात ठळकपणे व्हावा, म्हणजे खिडकीवर कुणाचाच खोळंबा होणार नाही. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद मला आहे. पुस्तक गावोगाव स्वस्तात पोचवणं आणि राज्यातल्या अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालयांना नवी पुस्तकं घेण्याइतका पैसा वेळेवर देणं, ही त्या दर्जाची पहिली दोन कामं असायला हवीत.

वाचकांकडे माझं मागणं साधं आहे. लेखक ओळखीचा असेल तर त्याचं पुस्तक विकत घ्या. मुलानं मराठी पुस्तक उचललं तर त्याच्या हातातून काढून घेऊ नका. आणि तुमची इमारत पाडायला निघाली असेल, आजोबांचं कपाट रिकामं करायचं असेल, तर रद्दीवाल्याला बोलवण्याआधी जवळच्या वाचनालयाला विचारा. त्यांनी नाही म्हटलं तर आम्हा फूटपाथवाल्यांना विचारा. आम्ही स्वतः येऊन पुस्तकं बघतो, किलोच्या भावापेक्षा चार पैसे जास्त देतो आणि ती पुस्तकं पुन्हा कुणाच्या तरी घरी जातात. मी सोमवार ते शनिवार संध्याकाळी साडेसातपर्यंत जागेवर असतो. रविवारी घरी लिहीत बसतो.